मी ऐकलेली तिसरी हाक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. हातभर लांब, काकडीसारखा सडपातळ, आणि अंगावरचा काळा रंग जागोजागी उडालेला. सध्या माझा मुक्काम एका फोटो स्टुडिओत आहे. पासपोर्टचे फोटो कापायचं टेबल खाली आणि मी वरच्या फळीवर. माझ्या शेजारी एक फुटका फ्लॅश आणि रिकाम्या फ्रेमा असतात. धूळ आम्हां सगळ्यांवर सारखीच बसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं पांढरा डगला घातलेली एक बाई चिमट्यानं माझ्या पोटात आवाज झेलणारा पडदा बसवत होती. कांद्याच्या पापुद्र्यालाही जाड म्हणावं, इतका तो पातळ. फुंकर लागली तर उडून जाईल म्हणून तिनं श्वास रोखून धरला होता. पडदा बसला आणि तिनं श्वास सोडला. मी आयुष्यात ऐकलेला तो पहिला आवाज.

तिथून मी रेडिओ केंद्रात गेलो आणि काकांच्या हाती पडलो. काका तिथले तंत्रज्ञ होते, सगळेच त्यांना काका म्हणत. बोलायला कमी आणि ऐकायला तयार, असा माणूस. मी ज्या दिशेला तोंड करीन तिथलंच ऐकतो, आजूबाजूचं सोडून देतो. काकांना माझी ही खोड फार आवडायची. नाटकं, भाषणं, पुराच्या बातम्या, शाळेतल्या मुलांची गाणी, सगळं आम्ही दोघांनी मिळून टिपलं. वारा लागू नये म्हणून ते मला एक केसाळ टोपडं घालायचे. त्यामुळे केंद्रातले लोक मला ‘बोका’ म्हणत. बोक्याचा आवाज स्वच्छ येतो, असं वरिष्ठही म्हणायचे. तेव्हा माझी छाती फुगायची. माइकला छाती नसते हे मला माहीत आहे, पण तुम्ही समजून घ्या.

पुढे नवे माइक आले. माझं नाव भंगाराच्या यादीत चढलं. त्याच महिन्यात काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी साहेबांना विचारून मला मागून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळून घरी नेलं. मग तीन वर्षं मी कपाटात होतो. तिथं मला फक्त घड्याळ ऐकू यायचं.

एके दिवशी कपाट उघडलं. समोर या स्टुडिओचा मालक उभा होता. तो सुट्टीच्या दिवशी पोरांना फोटोग्राफी शिकवायचा, म्हणून सगळे त्याला चेष्टेनं मास्तर म्हणत. त्याला दादा म्हणणारी एकच, त्याची धाकटी बहीण. मास्तरनं आयुष्यभर लोकांना ‘जरा हनुवटी वर’ म्हणत फोटो काढले होते. आता त्याला सिनेमा काढायचा होता, तोही भीतीचा, आणि जंगलातला.

काकांनी विचारलं, भीतीचाच का? मास्तर म्हणाला, “काका, आपल्याकडे नट नाहीत, दिवे नाहीत, सेट नाही. पण तीन तासांवर जंगल आहे. त्याला मेकअप लागत नाही.”

हे काकांना पटलं. मलाही पटलं.

कथा साधी होती. जमीन मोजायला गेलेला एक माणूस जंगलात हरवतो. त्याच्या कचेरीतले तिघे त्याला शोधायला जातात. त्यांच्या मागून काहीतरी चालत येतं. तिघांतली शेवटपर्यंत उरते ती बाई, आणि ते काम धाकटीकडे होतं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर डॉक्टरांच्या बाजूला उभं राहायचं आणि घाबरलेल्या लोकांचा हात धरायचा, हे तिचं काम. भीती कशी दिसते हे तिच्याइतकं आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. बाकी दोघांची कामं मास्तरचे मित्र करणार होते आणि जनावर होणार होता गल्लीतला बेकरीवाला, कारण तो सगळ्यांत आडवा होता.

निघण्याआधी धाकटीनं एकच प्रश्न विचारला. ही बाई माघारी का फिरत नाही? हरवलेला माणूस तिचा कोण लागतो? मास्तरनं हसून सांगितलं की ती माघारी फिरली तर सिनेमाच संपेल. सगळे हसले. धाकटी हसली नाही. कथेचा कागद उलटा करून तिनं पुन्हा पाहिला, जणू मागच्या बाजूला उत्तर असेल.

जंगलात पोचल्यावर पहिल्याच दिवशी बेकरीवाल्यानं जनावराचा पोशाख चढवला. शिंप्यानं तो जुन्या गालिच्यांतून शिवला होता. बिचारा झाडामागून गुरगुरत आला आणि सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. पायपुसणं उभं राहिलंय, असं एक मित्र म्हणाला. मास्तरचा चेहरा पडला.

तेव्हा काका उठले. त्यांनी एक पोतं पाण्यात भिजवलं आणि वाळक्या पानांवरून हळूहळू ओढत नेलं. मग एक ओली फांदी घेतली आणि मोडता मोडता मध्येच थांबवली. मला त्यांनी जमिनीलगत धरलं होतं. मग हेडफोन मास्तरच्या कानांवर ठेवले. मास्तरनं मागे वळून पाहिलं. भर दुपार होती, मागे कोणीही नव्हतं. तरी त्यानं दुसऱ्यांदा वळून पाहिलं.

“याला दाखवू नकोस,” काका म्हणाले. “नुसतं ऐकू दे.”

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की भीतीला पैसा लागत नाही. आम्ही उन्हात चित्रं घेत होतो, कारण दिवे नव्हते. पण त्या उन्हातच झाडांच्या मधली जागा अशी काही रिकामी दिसायची की पाहणाऱ्याचं अंग शहारावं. नट अनोळखी होते, त्यामुळे कोण वाचणार याचा अंदाज येत नव्हता. आमचं जे उणं होतं तेच कामाला येत होतं. पण सगळंच तसं नव्हतं. मास्तरकडे सांगायला कथा थोडी होती, म्हणून तो माणसांना चालायला लावायचा. ती चालत, चालत आणि चालतच राहात. तिघं एकमेकांशी बोलायची ते फक्त ‘तू ऐकलंस का?’ आणि ‘काय?’ एवढंच. आणि हाताशी माणसं इतकी कमी होती की कॅमेऱ्यामागे काय चाललंय ते बघायला कोणी उरत नव्हतं.

सातव्या दिवशी धाकटीला उतारावरून एकटीनं पळत जायचं होतं. झाडांत दिसेनासं व्हायचं, तीन हाका मारायच्या आणि गप्प राहायचं. सकाळी तिनं विचारलं होतं की खाली कोणीतरी थांबेल का. मास्तर म्हणाला, माणूस दिसला तर चित्र वाया जाईल. कालच लांबून पाहिलंय, खाली सपाट आहे. ती बरं म्हणाली.

दुपारी तीनचा सुमार होता. काकांनी मला लांब काठीला बांधलं आणि उताराकडे तोंड करून धरलं. एक हेडफोन काकांच्या कानांवर, दुसरा मास्तरच्या. धाकटी पळाली. पाचोळ्याचा आवाज लांब लांब गेला.

पहिली हाक आली, “कोणी आहे का?” दुसरी आली, तशीच. दोन्ही कागदावर होत्या तशा.

मग काहीतरी मोडलं. जड काहीतरी पडल्याचा आवाज आला. नुसत्या कानांसाठी तो वाऱ्यात मिसळून गेला असता, पण मला स्पष्ट ऐकू आला. आणि मग तिसरी हाक आली.

“दादा.”

ती कागदावर नव्हती.

काकांनी मास्तरच्या दंडाला हात लावला. “ती तुला हाक मारतेय.”

मास्तरनं हात वर केला. त्याचे डोळे चमकत होते. “चालू ठेवा,” तो कुजबुजला. “हरवलेल्या माणसाला तिनं भाऊ करून टाकलंय. काका, छान करतेय ती.”

काका गप्प बसले. मी ऐकत राहिलो. ऐकण्यापलीकडे मला काही येत नाही. दादा, दादा, अशी ती चार मिनिटं हाक मारत होती. आवाज आधी मोठा होता, मग बारीक झाला, मग त्यात नुसता श्वास राहिला. शेवटी तोही ऐकू येईना. मास्तर ‘कट’ म्हणाला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. आम्ही तिची वाट पाहिली. ती आली नाही.

खाली एक जुना खड्डा होता. कधीकाळी कोणी माती काढून नेली असावी. वर पाचोळ्याचा थर साचल्यानं तो लांबून सपाट दिसत होता. धाकटीचा घोटा मोडला होता आणि पाऊल भलतीकडे वळलं होतं. बेकरीवाला कमरेपर्यंत पोशाखात होता. तो काढायला वेळ नव्हता. तसाच तो खाली उतरला आणि तिला पाठुंगळी घेऊन वर आला. गालिच्याच्या पायांचं ते जनावर घामाघूम होऊन तिला सांभाळून वर आणत होतं आणि सगळा वेळ तिला सांगत होतं, झालं, आलोच आपण. गाडीरस्त्याला लागायला दोन तास लागले. मास्तर सगळ्यांत मागून, कॅमेरा छातीशी धरून चालत होता.

ऑपरेशन होऊन घोट्यात धातूची पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं की फार वेळ उभं राहता येणार नाही. तिचं काम तर उभ्यानंच होतं.

पुढचे काही महिने मी याच स्टुडिओत होतो. मास्तर संगणकासमोर बसून सिनेमा जोडत होता. ती चार मिनिटं त्यानं किती वेळा ऐकली असतील, मला मोजता आलं नाही. काका आले तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की ते वापरू नकोस.

“काका, अख्ख्या सिनेमात खरं तेवढंच आहे,” मास्तर म्हणाला.

काकांनी वाद घातला नाही. मला त्यांनी हातात घेतलं, पुन्हा टेबलावर ठेवलं आणि ते गेले. मला घरी न्यायला ते पुन्हा आले नाहीत. मास्तरनं मित्रांकडून दोन वाक्यं नव्यानं बोलून घेतली, हरवलेला माणूस आता त्या बाईचा सख्खा भाऊ झाला. धाकटीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. तिला मात्र त्यानं काही विचारलं नाही.

सिनेमा एका छोट्या थिएटरात दुपारच्या खेळाला लागला. मला बाहेरच्या टेबलावर शोभेला ठेवलं होतं. दार अर्धवट उघडं असल्यानं मला आतलं सगळं ऐकू येत होतं. चालण्याच्या लांबच लांब भागात खुर्च्या करकरल्या, कोणी जांभई दिली. पोतं ओढल्याचा आवाज आला तशी कुजबुज थांबली. शेवटी जनावर दिसलं, कारण मास्तरला ते दाखवल्याशिवाय राहवलं नव्हतं, आणि लोक खो खो हसले. पण त्याआधी ती चार मिनिटं आली होती. त्या वेळी आत कोणी खोकलंसुद्धा नव्हतं.

खेळ सुटल्यावर लोक धाकटीभोवती जमले. ती काठी टेकत भिंतीशी उभी होती. एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, काय अभिनय केलात हो, मी खुर्चीतून अर्धी उठलेच होते.

“तो अभिनय नव्हता,” धाकटी म्हणाली.

बाई कौतुकानं हसल्या. त्यांना वाटलं, सिनेमावाले असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी धाकटी स्टुडिओत आली. मास्तर एका गिऱ्हाइकाचे फोटो कापत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग तिनं विचारलं, “दादा, ती चार मिनिटं तू काय करत होतास?”

मास्तरच्या हातातली कात्री थांबली. “ऐकत होतो,” तो म्हणाला.

तिनं मूळ ध्वनिफीत मागितली. थिएटरात ऐकवली ती नव्हे, जंगलात टिपलेली, अख्खी. मास्तरला ती आता नाही म्हणून सांगता आलं असतं. त्यानं ती लावली आणि हेडफोन तिच्या हातात दिले. आजूबाजूचं मी सोडून देतो खरा, पण इतक्या जवळून बोललेले काकांचे शब्द पुसट का होईना मी टिपले होते. मास्तरचेही टिपले होते. तिनं ते सगळं खाली मान घालून ऐकलं. ‘छान करतेय ती’ या शब्दांवर तिनं डोळे मिटले. मास्तर तिच्यासमोर उभा होता, फोटोला उभा राहतात तसा ताठ, आणि रडत होता.

“मला वाटलं होतं, तुला ऐकू आलं नसेल,” ती म्हणाली. “इतके महिने मी तेच धरून होते.”

तो क्षमा मागू लागला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. सिनेमातून काढ असं तिनं सांगितलं नाही, ठेव असंही नाही. काठी घेतली आणि ती गेली.

मास्तरनं त्या आठवड्यात चारही मिनिटं काढून टाकली. भाऊ झालेला माणूस पुन्हा नुसता कचेरीतला सहकारी झाला. दूरच्या एका महोत्सवानं त्या हाकेसाठीच सिनेमा मागवला होता. बदललेला सिनेमा पाहून त्यांनी नम्रपणे नकार कळवला. नायिका माघारी का फिरत नाही ते समजत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मास्तरनं ते पत्र घडी करून खणात टाकलं. धाकटीला त्यानं ते सांगितलेलं नाही.

ती आता दवाखान्यात बसून करायचं काम करते, फोन घेते, वेळा लिहिते. स्टुडिओत येते, पण कमी. भाऊबहीण हवेपाण्याचं बोलतात. मागच्या खेपेला ती म्हणाली की काका तिच्या घरी येऊन गेले. समोरचा चहा त्यांनी तसाच निवू दिला. उठताना एवढंच म्हणाले, “मी एकदाच बोललो गं. एकदा बोलून थांबलो.”

मित्रांनो, भीतीचे सिनेमे खुशाल बघा. थोडक्या साधनांत कोणी जंगल बोलतं करून दाखवलं तर त्याला मनापासून दाद द्या. पायपुसण्याचं जनावर दिसलं तर हसा, बनवणाऱ्यांनाही त्यातून शिकू द्या. मला पुसलं नाहीत तरी चालेल. माझ्या पडद्याला आता दमटपणा लागलाय, फार दिवस तो टिकणार नाही. पण तुम्हांला माझ्यासारखं नुसतं ऐकून थांबावं लागत नाही. सिनेमाच्या पडद्यावर नव्हे, तुमच्या शेजारी, कोणाच्या आवाजात काही वेगळं ऐकू आलं तर ते बोलून दाखवा. समोरच्यानं हात वर करून गप्प केलं, तर पुन्हा बोला. आणि तरीही कोणी हललं नाही, तर हेडफोन खाली ठेवा आणि स्वतः उताराकडे धावा.