तिसरं आणि तिकीट

निवडून आल्यावर दर्शनाला काय काय मिळणार, याचा हिशेब मढवींच्या घरात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं मांडून ठेवला होता. विकीच्या हिशेबात बायकोला गाडी मिळत होती, म्हणजे गाडीत पुढं विकी बसणार होता. सासूच्या, आवडाबाईच्या हिशेबात घराण्याचं नाव चौकातल्या बोर्डावर परत चढत होतं. दर्शनाचा स्वतःचा हिशेब अगदी लहान होता आणि तो तिनं कुणाला सांगितलेला नव्हता. तिला लेटरहेड हवं होतं. वर आपलं नाव, खाली आपली सही. चौदा वर्षं ती विकीशेठची मिसेस होती, त्याआधी माजिवड्यात सहदेवची पोर. लेटरहेडवर मधे विकीचं नाव येणारच, पण मधे. सुरुवात तिच्यापासून होणार होती.

मढवी डोंबिवली पूर्वेच्या मूळ गावठाणातले. एकेकाळी भातशेती होती, आता शेतात टॉवर आणि टॉवरमध्ये गावाला न ओळखणारी माणसं. ती माणसं ओळखीची करायची तर घरोघर जावं लागतं. पोस्टरवर विकीचा फोटो दर्शनाच्या दुप्पट होता, पण पोस्टरला जिने चढता येत नाहीत. प्रभागातली एक जागा ओबीसी महिलांसाठी राखीव होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हापासून दोन वर्षं दर्शना जिने चढत होती. थोरल्या मुलाच्या, मयूरच्या जुन्या गणिताच्या वहीत तिनं गल्लीवार टिपून ठेवलं होतं: कुठं पाण्याला जोर नाही, कुठल्या गटाराला झाकण नाही, कुठल्या आजीचं पेन्शन अडकलंय. अकराशे घरं झाली होती.

संक्रांतीला या अकराशे घरांना हळदीकुंकवाचं वाण जायचं. पिशव्या भरायच्या, मोजायच्या, गाठी मारायच्या, हे काम वरच्या मजल्यावरच्या संचिताचं. संचिता मोठी जाऊ, विकीच्या थोरल्या भावाची, सुदेशची बायको. लग्नाला सोळा वर्षं झालेली, मूल नाही. कोपरीला माहेरी असताना ती पतपेढीत कॅशियर होती, त्यामुळं तिच्या मोजणीत पिशवी कधी चुकली नाही. वाटायच्या वेळेला मात्र तिला कुणी पुढं बोलवत नसे. तिला मागं राहा असंही कुणी म्हणत नसे. तेवढी सभ्यता घरात होती.

आता चूक कुठं झाली ते. मयूरनंतर करिश्मा झाली तेव्हाच नवरा-बायकोत ठरलं होतं, बस झालं. दर्शनानं तांबी बसवून घेतली. दोन वर्षांपूर्वी ती फार त्रास द्यायला लागली म्हणून काढली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मिस्टरांचं छोटंसं ऑपरेशन करून टाका. विकीनं मान डोलावली.

"इलेक्शन होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "आत्ता दोन दिवस घरी बसलो तर तो भिवा सगळं गाव खाऊन बसेल."

भिवा हा त्याच पक्षातला, त्याच तिकिटावर बायकोसाठी डोळा ठेवून असलेला. तर निवडणूक आणि विकीचं ऑपरेशन, दोन्हींच्या तारखा पुढं पुढं जात राहिल्या. अखेर निवडणुकीची तारीख आधी लागणार असं दिसू लागलं, आणि त्याच महिन्यात दर्शनाची पाळी चुकली.

विश्रामकाका महापालिकेतून रिटायर झालेले कारकून. सगळ्या पक्षांचे अर्ज तेच भरून देत आणि कुणाचं कुणाला सांगत नसत. दर्शना आणि विकी त्यांच्यापुढं बसले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हयात अपत्यं?"

"दोन," विकी म्हणाला.

"आणि पोटात असेल तर?" दर्शनानं विचारलं.

काकांनी पेन खाली ठेवलं. "पोटातलं मोजत नाहीत. बाहेर आलं की मोजतात. तीन झाली की पद गेलं, त्या दिवसापासून. दत्तक दिलं तरी सुटका नाही, ते पण लोकांनी करून बघितलंय."

"मग काका, करायचं काय?"

"मी फॉर्म भरतो, विकी. बाकीचं तुमचं तुम्ही."

घरी येताना विकीनं सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "लवकर आहे अजून. गोळ्यांनी होतं म्हणतात. तू बघ, मी काय जबरदस्ती करत नाय."

दर्शना एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. जाताना तिचं ठरलेलं होतं. बाईंनी तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "तुम्हाला नकोय का?"

प्रश्न साधा होता, पण त्यातलं 'तुम्हाला' दर्शनाला अडलं. गेले आठ दिवस सगळे पक्षाला काय हवं, विकीला काय हवं, भिवाला काय मिळेल असंच बोलत होते. तिला हे मूल हवं होतं का? नव्हतं. नऊ वर्षं नको होतं, महिन्यापूर्वीही नको होतं. निवडणूक नसती तर कदाचित ती याच खुर्चीत याच कामासाठी आली असती आणि मागं वळून पाहिलंही नसतं. पण आता तिला नको होतं की फॉर्ममधल्या एका रकान्याला नको होतं, हे तिचं तिलाच वेगळं काढता येईना. रकान्यासाठी म्हणून करायचं तर आयुष्यभर लेटरहेडकडं बघताना तेच आठवणार. ती उठली.

"विचार करते," ती म्हणाली.

"करा. पण फार दिवस करू नका," बाई म्हणाल्या.

दर्शनानं चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी घरात सांगितलं, ठेवणार. आवडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "मना सात झाली," ती म्हणाली. "कुनी फारम दाखवला नाय." एवढंच बोलून तिनं भाकरी उलटली.

विकी मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं सगळ्यांना बसवून घेतलं. मार्गशीर्ष असल्यामुळं घरात मासळी नव्हती, त्यामुळं तसेही सगळे जरा नाराजच होते. मुलं क्रिकेटला गेली होती. सुदेश फोन बघत होता, संचिता ताटं उचलत होती.

"वहिनी, बसा ना दोन मिनिटं," विकी म्हणाला. "तुमचंच काम आहे."

संचिता हातात ताट घेऊनच बसली.

विकीनं सगळं नीट आखलं होतं. दवाखान्यात नाव संचिताचं घालायचं. आधार तिचं, सही तिची, दाखला तिच्या आणि सुदेशच्या नावावर. ओळखीचे एक डॉक्टर बघतो म्हणालेत. दर्शना शेवटचे चार महिने बाहेर दिसणार नाही, पाठीचं दुखणं सांगू. घर एकच आहे, मूल कुठं जाणार? दर्शनाचं पद राहतं, घराण्याची इज्जत राहते, आणि वहिनींच्या नावावर पण, म्हणजे, काहीतरी लागतं.

"सगळ्यांचाच फायदा आहे," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. दर्शनानं मनात बेरीज करून पाहिली, आणि बेरीज खरंच जुळत होती. तिला लेटरहेड मिळत होतं आणि मूलही सतरा पायऱ्या वर, म्हणजे घरातच. संचिताकडं बघायचं मात्र तिला धाडस होईना.

"शाळेत नाव कुणाचं?" संचितानं विचारलं.

"तुमचंच. कागदावर सगळीकडं तुमचं."

"आणि झोपणार कुठं?"

"खालीच ना. दर्शनाजवळ. ते काय आपण घरात ठरवू."

"आई कुणाला म्हणेल?"

विकी हसला. "अहो, पोरं काय, सगळ्यांनाच म्हणतात. आणि वहिनी, पाच वर्षांचाच प्रश्न आहे. मग वकील बघून नाव फिरवून घेऊ."

संचितानं हातातलं ताट खाली ठेवलं. विकीकडं न बघता ती दर्शनाकडं वळली.

"माझ्या नावावर आलं तर ते माझं," ती शांतपणे म्हणाली. "वर झोपेल, मला आई म्हणेल. तुला काकी म्हणेल. पाच वर्षांनी नाही, पन्नास वर्षांनीपण ते परत मागायचं नाही. असं असेल तर मी आत्ता हो म्हणते. उद्यापासून तयारीला लागते. पाळणा मी आणीन."

सुदेशनं फोन पालथा ठेवला. सोळा वर्षांत त्यानं बायकोला कशासाठी घासाघीस करताना पाहिलं नव्हतं, भाजीवाल्याकडंसुद्धा नाही.

दर्शनाला बोलायला हवं होतं. तिला सतरा पायऱ्या दिसल्या. खाली बसलेली ती, आणि वर रडणारं मूल, आणि ते रडतंय म्हणून जिना चढायचा तिला हक्क नाही. संचितानं भाव लावला होता आणि तो रास्त होता. एखादी गोष्ट घेतली की ती आपली होते, एवढंच तर ती म्हणत होती. या घरात तेवढं साधं कुणी बोललं नव्हतं.

"नाही," दर्शना म्हणाली.

"बरं," संचिता म्हणाली. तिनं ताट उचललं, दुसरी दोन त्यावर रचली आणि मोरीकडं गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. घासायला तीनच ताटं होती.

मंगळवारी दर्शना उमेदवारी सोडतेय हे सांगायला विश्रामकाकांकडं गेली. काका दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज भरत होते. अपत्यांच्या रकान्यात त्यांनी शून्य घातलं आणि लगेच पान उलटलं.

"असे फॉर्म बरे," ते म्हणाले. "जन्मदाखले नाहीत, तारखा नाहीत, कोर्टकचेरी नाही. शून्यवाल्याला कोण काय विचारणार?"

दर्शना तिथंच उभी राहिली. मग उमेदवारी सोडायचं न सांगताच परत फिरली. दोन वर्षं घरात तिकिटाची गणितं मांडत होते, मुलं मोजत होते, आणि मोजताना शून्य कुणी धरलंच नव्हतं.

गणिताची वही घेऊन ती सतरा पायऱ्या चढली. संचिता तांदूळ निवडत होती. दर्शनानं वही ताटाशेजारी ठेवली आणि सांगितलं, माझ्या जागी तुम्ही उभ्या राहा. संचितानं बोटानं एक खडा बाजूला केला.

"भरपाई देतेस काय गं?"

"नाही. फॉर्ममध्ये तुम्ही बसता, मी बसत नाही. आपण नाही उभं राहिलो तर भिवाची बायको राहील, आणि तिला तर गल्ल्यासुद्धा माहीत नाहीत."

संचितानं वही उघडली, चार पानं चाळली. "चौथ्या गल्लीत तू चौतीस घरं लिहिलीस. छत्तीस आहेत. पिशव्या मी मोजल्यात." मग जरा थांबून म्हणाली, "जातीचा दाखला आहे माझा. पडताळणीपण झालीय. प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय कॉलेजपासून."

"कशाला ठेवला होता?"

"असू दे म्हणून. काहीतरी माझ्या नावावर असू दे."

विकीला ऐकूनच घाम फुटला. "वहिनी? माईकवर? अगं, त्या साध्या हळदीकुंकवाला पुढं येत नाहीत."

"आनलंस कवा तिला पुढं?" आवडाबाई म्हणाली. एवढ्यावर तो विषय मिटला, कारण आवडाबाई सहसा प्रश्न विचारत नसे.

दर्शनानं एकच अट घातली, आणि ती विकीला. अर्ज भरायच्या आत त्यानं ऑपरेशन करून घ्यायचं. प्रचाराचे पहिले चार दिवस विकीशेठ जपून जपून चालले. कार्यकर्त्यांना त्यांनी पाठीत चमक भरली असं सांगितलं. पाठीचं दुखणं दर्शनासाठी शोधलेलं होतं, ते अखेर त्याच्याच कामी आलं.

तिकीट संचिताला मिळालं तसं भिवाच्या माणसांनी चौकात बोलायचं ते बोलून घेतलं. ज्यांच्या घरी पाळणा हलला नाही त्या वॉर्ड काय हलवणार, वगैरे. संचितानं एकाही सभेत त्याला उत्तर दिलं नाही. ती उभी राहायची, वही उघडायची आणि गल्ली नंबर वाचायची. लोकांना भाषण हवं होतं, पण आपल्या गटाराचा उल्लेख आला की ते गप्प बसायचे. तीनशे अकरा मतांनी ती निवडून आली. मिरवणुकीत दर्शनाला कुणी गाडीवर चढू दिलं नाही, गुलाल बरा नव्हे म्हणून. ती आवडाबाईशेजारी ओट्यावर बसून राहिली. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा विकी सगळ्यात उंच होता.

जूनमध्ये मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. पाळण्याच्या एका बाजूला दर्शना उभी राहिली. दुसऱ्या बाजूला उभं राहून पाळण्याखालून बाळ घ्यायला कुणीतरी लेकुरवाळी लागते, म्हणून मागून दोघी-तिघी पुढं सरकल्या. दर्शनानं त्यांच्यावरून नजर नेली आणि दारात उभ्या असलेल्या संचिताला हाक मारली. नगरसेविकेला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पदाचा पहिला उपयोग झाला तो असा.

संचिता पालिकेतून थेट आली होती. काखेतली फाइल सुदेशकडं देऊन तिनं पदर खोचला. मुलगी असली तरी बायकांच्या तोंडात बसलेलं तेच म्हटलं गेलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. दर्शनानं खालून बाळ दिलं, संचितानं घेतलं. वरून परत दिलं. असं पाच वेळा करायचं असतं. फाइलमधल्या लेटरहेडचा कोपरा बाहेर आला होता. सौ. संचिता सुदेश मढवी. दर्शनाला बाळ देता घेता तो वाचता येत होता आणि तिनं तो वाचला.

तर हिशेब असा लागला. विकीचा फोटो पोस्टरवर पूर्वीएवढाच राहिला आणि त्याला त्यासाठी चार दिवस जपून चालावं लागलं. आवडाबाईला बोर्ड मिळाला, भिवाला काही नाही. भरलं ते दोघींनी. एकीनं लेटरहेडवरचं नाव दिलं, आणि दुसरीनं पाच वेळा बाळ घेतलं, पाच वेळा, न चुकता मोजून, परत दिलं.