अम्मा मला रागवत नाहीत

सत्त्याऐंशी साली लग्न होऊन मी मिरजेहून तमिळनाडूत, कुंभकोणमच्या एका जुन्या मराठी घरात आले आणि पहिल्या महिन्यातच माझं डोकं फिरलं. कारण? सासूबाई मला रागवत नव्हत्या.

हसू नका. आमच्या अम्मांचं, म्हणजे सासूबाईंचं, तोंड अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. कुणाला किती तिखट द्यायचं याचं त्यांचं माप ठरलेलं. दूधवाल्या मणीला नुसतं दटावायच्या. सासऱ्यांची कानउघाडणी व्हायची, तीही जेवणं झाल्यावर, कारण उपाशी माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणे. माझे यजमान जयतीर्थ बँकेत मोठे साहेब. घरी त्यांची रोज बिनपाण्यानं व्हायची. आणि मला? "जपून हो, तुळसी." बस्स! जपून! अहो, जपून हे दारात आलेल्या पाहुण्याला सांगतात, उंबरा उंच आहे म्हणून. घरचं माणूस आपटलं की त्याला चार शब्द सुनावतात. म्हणजे या घरात मी अजून पाहुणीच!

मग मीही इरेला पेटले. साराच्या पातेल्यात दोनदा मीठ टाकलं. अम्मांनी वाटीभर सार मुकाट्यानं संपवलं आणि म्हणाल्या, "असो." एकादशीला घर कडकडीत उपाशी असताना टाऊन बसनं दारासुरमचं देऊळ बघायला गेले आणि येताना राजरोस मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, चावत आले. तर म्हणे, "ऊन फार, जपून जात जा." भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं मला.

एक बाण राखून ठेवला होता. आमच्याकडे सोवळ्याची लुगडी काठीनं उंच दांडीवर वाळत घालतात. बिनअंघोळीचं माणूस शिवलं की विटाळली. एका सकाळी उठल्या उठल्या मी स्टुलावर चढले आणि अम्मांच्या देखत त्यांचं लुगडं चांगलं चुरगाळलं. जयतीर्थांची कॉफी सांडली. अम्मांचे ओठ थरथरले. आता बरसणार! कसचं काय. त्यांनी लुगडं काठीनं ओढून बादलीत टाकलं आणि निघाल्या विहिरीकडे, पुन्हा धुवायला.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "अहो अम्मा, मूग गिळून काय बसता? रागवा की मला! मणी तो घरचा आणि मी परकी होय? सून म्हणून आणलीत की लॉजवर उतरवलीत?" सासूची खरडपट्टी सुनेनं काढली! सासरे नुसते चष्मा पुसत राहिले.

अम्मांनी बादली खाली ठेवली.

"तुजला कैसें रागवूं?" त्या हळूच म्हणाल्या. "लग्नांत आचाऱ्यावर ओरडलें, तर तुझ्या माहेरच्या बायका तोंडाला पदर लावून हंसल्या. आमची मराठी जुनी, अर्धी तमिळ. आपण रागवायाचें आणि समोरच्यानें हंसायाचें? तमिळांत रागवूं, तर तुजला कळत नाहीं. मग गप्प बसलें."

मला भडभडून आलं. एवढं धारदार तोंड, आणि आमच्या आत्या-मावश्यांनी त्याला कुलूप घातलं होतं! मेल्या त्यांना काय जात होतं?

"मी नाही हसणार," मी म्हटलं. "देवाशपथ."

"बरें." अम्मांनी पदर खोचला. "अय्यो, दुष्टे! केस पिंजारून मर्कटासारिखी चढतीस काय? तें लुगडें की तुझ्या बापाचें धोतर? तुजला कोण्या मुहूर्तावर पाहिलें गे मीं?"

आणि मी हसले! खो खो हसले. त्या "मर्कटासारिखी"ला आवरेचना. अम्मा मधेच थांबल्या. त्यांचा चेहरा पडला. गेलं सगळं, मी मनात म्हटलं, आता जन्मभर "जपून".

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी हसत होते, रडतही होते, पण समोरून हलले नव्हते.

"हंस हो, हंस," अम्मा म्हणाल्या. "पण कान इकडे दे. माझें अजून संपलें नाहीं."