मागीलदारचं पिंप

यशोदाबाई न्हाणीत घसरून पडल्या त्याला दोन वर्षं झाली. हाड कधीच सांधलं, भीती मात्र आत मुरून राहिली. लेक समीक्षा फाटकाबाहेर पडली की जनेलाच्या गजांमागून हाक यायची, "खंय गेलीस गो?" त्यामुळे एक्केचाळीस वर्षांची समीक्षा गोव्यातल्या केरी गावच्या त्या घराला खिळल्यासारखी झाली होती. भाऊ गौरेश मुरगावला बंदरात कामाला. महिन्यातून एकदा यायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त" म्हणून निघून जायचा. त्या वाक्याचा तिला राग यायचा, आणि राग आला म्हणून लाजही वाटायची.

मागीलदारी तिने पाण्याचं एक जुनं प्लास्टिकचं पिंप ठेवलं होतं. तापल्या सळईने त्याला सगळीकडून भोकं पाडली. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा यांचा एक थर, त्यावर सुरूच्या वाळक्या पाल्याचा एक थर. मधूनमधून आंबट ताक शिंपडायची, आठवड्याला काठीने वरखाली करायची. अडीच-तीन महिन्यांनी काळंभोर, मोकळं खत हाती आलं. त्यांच्या रेताड परसात वांगी लगडली, तांबडी भाजी म्हणजे लाल माठ तरारला.

ती भाजी बघून मंगळवारी बचतगटाची सोनाली म्हणाली, "दर शनिवारी पेडण्याला येशील? बायकांना शिकव. तीन तासांचं तर काम."

"येते," समीक्षा म्हणाली. आपण इतक्या चटकन हो म्हटलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. जनेलाशी बसलेल्या यशोदाबाईंनी मान वळवून दोघींकडे पाहिलं.

शुक्रवारी पिंपाचं झाकण उघडलं तर भपकाच आला. माशांची आतडी, सुंगटांची म्हणजे कोळंबीची सालं, वर शिळी पेज, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. पिंपाभोवतीच्या ओल्या मातीत आईच्या, एरवी कोपऱ्यात पडून असणाऱ्या वॉकरच्या पायांचे गोल ठसे उमटले होते, पायऱ्यांपासून थेट पिंपापर्यंत.

कोणी धरल्याशिवाय संडासालाही न जाणारी आई तीन पायऱ्या उतरून इथवर आली होती.

"आई, तुला चालता येतं," समीक्षा आत येऊन एवढंच म्हणाली.

"कुजवायचंच ना? मग मासळीने काय बिघडतं?"

"मी चालण्याचं विचारतेय."

यशोदाबाईंनी पदराने डोळे पुसले. "मला चालता येतं म्हटलं, तर तू कशाला राहशील गो इथे?"

समीक्षाला खूप बोलायचं होतं. पण आईची हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती. तिने सोनालीला फोन लावला. "मला नाही जमणार. बायकांनाच इकडे घेऊन ये."

मग नाकाला फडकं बांधून तिने पिंप उपसलं. मासळी वेचून खोल खड्ड्यात पुरली, उरलेल्यात सुरूचा पाला आणि कोरडी माती मिसळत राहिली.

शनिवारी सोनाली आठ बायकांना घेऊन आली. यशोदाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. समीक्षाने पिंप उघडून दाखवलं. "काल यातून मासळी उपसली, अजून थोडा वास आहे. वास आला की ओल जास्त झाली समजायचं. कोरडा पाला घालायचा, वारा लागू द्यायचा."

"पण ती मासळी टाकली कोणी?" एकीने विचारलं.

"चुकून पडली," समीक्षा म्हणाली. यशोदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

बायका खूश झाल्या. सोनालीने विचारलं, "पुढच्या शनिवारी तरी येशील ना पेडण्याला?"

समीक्षाने तोंड उघडण्याआधी यशोदाबाई म्हणाल्या, "कशाला तिला दगदग? तुम्हीच या दर शनिवारी. खुर्च्या मी पुसून ठेवीन."

"नशीबवान आहेस समीक्षा," सोनाली म्हणाली. "अशी हौशी आई कुठे मिळते?"

सगळ्या हसल्या. यशोदाबाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता. दार आपणच आपल्या हाताने लावून घेतलं, हे समीक्षाला त्या क्षणी लख्ख कळलं. मातीचे हात झटकत ती म्हणाली, "हो, इथेच बरं," आणि अकरा जणींच्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.