एकदा नोंदलेली वस्ती

मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. मित्रांनो, पुस्तिका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठा, दोरा आणि पिवळी पडलेली पानं आली असतील. माझ्याजवळ त्यातलं काही नाही. मी संगणकात जन्मले आणि संगणकातच वाढले. एक प्रोग्राम कसा वापरायचा, कोणतं बटण दाबल्यावर काय होतं, अडलं तर काय करायचं, हे साध्या मराठीत सांगणं एवढंच माझं काम होतं.

बीडमधल्या एका सहकारी दूध संघाच्या कचेरीत, दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. त्या वर्षी पावसाने असा दगा दिला होता की दावणीला वैरण उरली नव्हती. दूध आटलं. संघाचे टँकर आवारात रिकामे उभे राहिले. तेव्हा संघाचे अध्यक्ष अर्जुनराव म्हणाले, "दूध न्हाई तर न्हाई. टाक्या धुवा आन् पाणी भरा. ज्यांनी इतकी वर्सं आपल्याला दूध घातलं, त्यांच्या वस्त्या तहानल्यात."

पण कोणत्या वस्तीला कधी पाणी द्यायचं? त्यासाठी संघाच्या रामहरीने एक प्रोग्राम तयार केला. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर वस्त्यांची नावं नोंदवायची आणि रोज सकाळी टँकरच्या खेपांची यादी तयार व्हायची. रामहरी संगणकाकडून हवं ते करून घेई, पण दोन ओळी लिहायच्या म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येई. म्हणून मला लिहिण्याचं काम शिवकन्येकडे आलं.

शिवकन्या ऊसतोड कामगारांची मुलगी. बीडला राहून ती संगणक शिकली होती. माझं प्रत्येक वाक्य ती फोनवर आपल्या आईला, सुभद्राबाईंना वाचून दाखवी.

"कळलं का, आई?"

"न्हाई बाई. 'माहिती प्रविष्ट करा' म्हंजी काय करा?"

मग शिवकन्या ते खोडून 'नाव भरा' असं लिही. ज्या माउलीला अक्षर येत नव्हतं, तिला कळेपर्यंत माझं एकही वाक्य पक्कं होत नसे. म्हणूनच मी इतकी सोपी झाले.

तेव्हा मी आणि प्रोग्रामचा कोड, म्हणजे संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी, एकाच घरात राहत होतो. अशा घराला रेपॉझिटरी म्हणतात. कोणता बदल कुणी केला, कधी केला, हे सगळं तिथे जपून ठेवतात. शिवकन्येने त्या घराला एक पहारा बसवला होता. रामहरीने कोडमध्ये काही बदललं आणि माझं पान तसंच ठेवलं, तर घर तो बदल आत घेतच नसे. रामहरी कुरकुर करी, "दारात शिपाईच बसवलाय की हिनं!" पण कुरकुरत का होईना, तो लिही. त्यामुळे कोड जे करी तेच मी सांगत असे. आम्हा दोघांत कधी अंतर पडलं नाही.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात माजलगावच्या धरणानेही तळ दाखवला आणि आमचं काम कितीतरी पटींनी वाढलं. मांजरसुंब्याच्या चौकात टँकरचा तळ होता. तिथे गहिनीनाथमामा खेपा पाहत. त्यांचा रोज फोन येई. "अगं शिवकन्या, त्या डोंगरावरच्या वस्तीला पुढच्या वाटेनं टँकर चढत न्हाई. पल्याडच्या देवळावरून जावं लागतंय. लिही तुझ्या पुस्तकात."

ती लगेच लिही. पण माझ्यात एक शब्द बदलला, तरी सगळा प्रोग्राम पुन्हा तपासला जाई आणि रामहरीने होकार दिल्याशिवाय तो शब्द लोकांपर्यंत जात नसे. रामहरी कामाच्या ओझ्याखाली वाकलेला. साधी दुरुस्ती आठ-आठ दिवस पडून राही. एकदा गहिनीनाथमामांनाच आत येऊन लिहायची मुभा दिली. त्यांचा हात चुकला, कोडमधली एक ओळ पुसली गेली आणि त्या सकाळी खेपांची यादीच निघाली नाही.

त्या दिवशी शिवकन्या म्हणाली, "रामहरीदादा, पुस्तिकेला वेगळं घर देऊ. गावातली माणसं तिथं स्वतः लिहितील. तुमच्या कोडला कुणाचा हात लागायचा न्हाई."

रामहरी म्हणाला, "तुझं खरं हाय. पण ही नजरंसमोर हाय म्हणून मला आठवती. पल्याड गेली की मी इसरीन. माझा मला भरवसा न्हाई."

"मी हाय की आठवण करायला."

आणि मला वेगळं काढायचं ठरलं. नुसती माझी शेवटची पानं उचलून नेली असती, तर अर्ध्या तासाचं काम होतं. शिवकन्येने दोन दिवस घालवले. कोणती ओळ कुणाच्या सांगण्यावरून आली, कोणती का खोडली, हा माझा सगळा मागचा जन्म तिने सोबत आणला. कोडच्या घरात तिने एक पाटी लावली : 'पुस्तिका आता स्वतंत्र घरात आहे. इथे काही बदललं, तर तिथेही बदला.' पहारा मात्र मागेच राहिला. एका घरातल्या पहारेकऱ्याला दुसऱ्या घरातलं काही दिसत नव्हतं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? ते दिवस माझ्या सुखाचे होते. केंद्रांवरची माणसं माझ्यात लिहू लागली. कुठला पूल खचला आहे, कोणत्या वस्तीवर टाकी गळते, कुणाकडे हाक मारली की चार माणसं गोळा होतात, हे सगळं माझ्या पानांत आलं. संघाच्या सभेत अर्जुनरावांनी माझं नाव घेतलं. "ही पुस्तिका कुण्या एकाची न्हाई, समद्यांची हाय," असं ते म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या. तरीही कधी कधी मला कोडची आठवण येई. पूर्वी त्याच्या पोटात काय चाललं आहे ते मला न विचारता कळायचं. आता ते कुणी येऊन सांगितलं तरच कळे.

पुढच्या वर्षी शिवकन्येला औरंगाबादला नोकरी लागली. जाताना ती रामहरीला म्हणाली, "दादा, काही बदललं तर पुस्तिकेत तेवढं लिहा." त्याने मान हलवली, आणि ती अगदी मनापासून हलवली. पाऊसपाणी बरं होतं, टँकर पुन्हा दूध वाहू लागले. माझ्याकडे कुणी फिरकेनासं झालं.

दोन हजार अठराला पाऊस पुन्हा फिरला. टाक्या पुन्हा धुतल्या गेल्या. दिवाळीच्या आसपास वस्त्याच्या वस्त्या ऊस तोडायला निघून गेल्या, पण त्यांची नावं यादीत तशीच राहिली. भरलेले टँकर डोंगर चढून जात आणि बंद दारं पाहून तसेच परत येत. अर्जुनराव संतापले. "माणसं तहानलीत आन् आपला टँकर कुलपांना पाणी पाजायला जातोय?"

म्हणून रामहरीने नवा नियम घातला. दर पंधरा दिवसांनी वस्तीची नोंद पुन्हा करायची. केली नाही तर नाव यादीतून आपोआप निघून जाईल. नियम चांगला होता. त्याने बऱ्याच तहानलेल्या वस्त्यांना पाणी मिळालं. रामहरीने जुन्या केंद्रांना फोन करून तो सांगितलाही. शिवकन्येची पाटी त्याने पाहिली, 'जेवून आल्यावर लिहितो' म्हणाला आणि जेवायला गेला. परत आला तर दुसरंच काम समोर उभं होतं. त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

माझ्या सातव्या पानावर जुनीच ओळ राहिली : 'एकदा नोंदलेली वस्ती यादीतून आपोआप जात नाही. टँकर आला नाही, तर गाडी बिघडली आहे का याची चौकशी करा.'

मार्चमध्ये लिंबागणेशच्या केंद्रावर मनकर्णाताई नव्याने आल्या. नवरा गेल्यावर संघाने त्यांना दूध मोजायचं काम दिलं होतं. रामहरीचे फोन होऊन गेल्यानंतर त्या आल्या, त्यामुळे नवा नियम त्यांच्या कानी पडलाच नाही. टँकर लागणाऱ्या तिथल्या वस्त्या तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या, त्यामुळे यादीतून नाव गळताना त्यांना दिसलंही नाही. त्यांना शिकवायलाही कुणी नव्हतं. मीच त्यांची गुरू. माझी पानं छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी दुधाच्या काट्याशेजारी टांगली होती. बोट ठेवून त्या एकेक ओळ वाचत आणि मी सांगेन तसंच करत. इतका विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी ठेवला नसेल.

एप्रिलमध्ये ऊसतोडीची माणसं परतली. डोंगरातल्या एका बारा घरांच्या वस्तीवरून तुळजाबाई चालत केंद्रावर आल्या.

"ताई, आमच्या वस्तीचं नाव लागलं का?"

मनकर्णाताईंनी नाव भरलं, मग माझं सातवं पान पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "लागलं. आता ते जात न्हाई कुठं."

पंधरा दिवस टँकर नेमाने आला. सोळाव्या दिवशी आला नाही. मनकर्णाताईंनी माझं सातवं पान उघडलं आणि मी सांगितल्याप्रमाणे गहिनीनाथमामांना फोन केला. दुर्दैव असं, की त्या दिवशी खरोखरच एक टँकर घाटात मोडून पडला होता. मनकर्णाताईंनी तुळजाबाईंना निरोप धाडला, "गाडी मोडलीय, उद्या येईल." दुसऱ्या दिवशीही तोच निरोप गेला. तिसऱ्या दिवशी गहिनीनाथमामांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या त्या वस्तीचं नावच न्हाई हिच्यात."

"असं कसं होईल, मामा? पुस्तकात तर लिवलंय..."

त्या माझं पान हातात धरून फोनवर बोलत होत्या, तेवढ्यात वस्तीवरचा एक माणूस धावत आला. घरात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून तुळजाबाई आटलेल्या विहिरीत उतरल्या होत्या. तळच्या ओलाव्यातून वाटीने पाणी खरवडून घेत असताना विहिरीची कड ढासळली. लोकांनी हातांनी माती उपसली. पण तुळजाबाई गेल्या होत्या.

टँकर लगेच निघाला. तो वस्तीवर पोचला तेव्हा हंडा घेऊन कुणी पुढे आलं नाही.

दोन दिवसांनी संघात बैठक झाली. कुणीतरी मनकर्णाताईंवर आवाज चढवला, "नोंद पुन्हा कावून केली न्हाई?" मनकर्णाताईंनी पिशवीतून माझं सातवं पान काढून टेबलावर ठेवलं. रामहरीने ते वाचलं.

"बाईची चूक न्हाई, आबा," तो अर्जुनरावांना म्हणाला. "नियम मी बदलला. हिच्यात लिवायचं माझ्याकडून राहिलं."

अर्जुनराव म्हणाले, "हे तुळजाबाईच्या घरी कोण सांगणार?"

रामहरी स्वतः गेला. मनकर्णाताई सोबत गेल्या. तुळजाबाईंचे पती तात्याबा ओट्यावर बसून होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओरडले नाहीत. म्हणाले, "आमाला वाचता येत न्हाई, बापू. म्हणून वाचणाऱ्यावर भरवसा टाकतो आमी. दुसरं काय करावं?"

मला जे शेवटचं सांगितलं होतं तेच मी सांगत राहिले. लिहिलं तेव्हा ते खरं होतं. ते खोटं कधी झालं, हे मला कुणी कळवलं नाही. पण तहानलेल्या माणसाला या सबबीचा काय उपयोग?

बातमी कळताच शिवकन्या औरंगाबादहून आली. माझ्यासमोर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. "वेगळं मीच काढलं हिला."

"आन् इसरलो मी," रामहरी म्हणाला.

त्यांनी मला पुन्हा जुन्या घरात नेलं नाही. गावातल्या माणसांनी माझ्यात लिहिणं त्यांना बंद करायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही घरांत पाहू शकेल असा नवा पहारा बसवला. कोडमध्ये बदल केला, तर माझं कोणतं पान बदललं ते सांगितल्याशिवाय तो आत जाईना. असा पहारा बसवता येतो हे तेव्हा कळलं. त्याला एक दिवस लागला. तो एक दिवस आधी मिळाला असता तर, हा विचार शिवकन्या, रामहरी आणि तिथे आलेल्या मनकर्णाताई, तिघांच्याही मनात होता.

मग शिवकन्येने खुर्ची मनकर्णाताईंपुढे सरकवली. "सातवं पान तुमी लिहा."

"माझा हात चालत न्हाई, बाई."

"सावकाश लिहा. मी बसते इथं."

एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं : 'दर पंधरा दिवसांनी नोंद परत करा. नाव यादीत हाय का ते डोळ्यांनी बघा. टँकर आला नाही तर थांबू नका, त्याच दिवशी विचारा. वस्तीवर माणूस पाठवून पाणी पोचलं का ते बघा. नुसतं या पुस्तकावर राहू नका.' शिवकन्येने त्यातला 'हाय'सुद्धा बदलला नाही.

त्या उन्हाळ्यानंतर मनकर्णाताईंनी केंद्र सोडलं. काही वर्षांनी संघाने तो प्रोग्रामही बंद केला. आता माझ्या आणि कोडच्या, दोन्ही घरांना कुलूप आहे. कुणी आलंच तर मला वाचू शकतं, माझ्यात लिहू मात्र शकत नाही. पण वर्षानुवर्षं कुणी येत नाही.

मित्रांनो, तुमची शाळेची वेळ बदलेल, रस्ता बदलेल, उद्या मोठे झाल्यावर तुम्ही स्वतः एखादा नियम बदलाल. बदला, त्यात वाईट काही नाही. फक्त तो जिथे लिहून ठेवला आहे तिथे आधी जा. ते पान कितीही लांब, कितीही वेगळ्या घरात असो, ते हाताने दुरुस्त करा. दूर कुठेतरी एखादी मनकर्णाताई त्या ओळीवर बोट ठेवून वाचत असते आणि तिच्यासमोर एखादी तुळजाबाई उभी असते. तेवढं लिहा, आणि मगच जेवायला जा.