नारू पाण्याकडं जातो

"सर, तुमचा किडा माणसाच्या मेंदूत राहतो ते ठीक. पण तो हागतो कुठं?"

वर्गात चौदा डोकी होती, ती सगळी एकदम खाली वाकली. पैज लावणारी पिंकी तर बाकाखाली पेन शोधायला गेली ती वर यायलाच तयार नाही. दोन प्लेट पाणीपुरीची पैज होती. वर्षभरापूर्वी शाळेत हजेरीला नुसतं 'प्रेझेंट' म्हणायचं तरी जिला घाम फुटायचा, ती चंद्रिका आज कमरेवर हात ठेवून उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती.

जुळे सोलापुरात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर हा गेम डिझाइनचा क्लास दर रविवारी भरायचा. अमृत सर शिकवायचे. पडद्यावर त्यांचा लाडका शत्रू होता. उल्केबरोबर पृथ्वीवर पडलेला परजीवी किडा कानातून आत शिरतो, तीन मिनिटांत माणसाचं डोकं फुटून चार सोंडा बाहेर येतात, हिरवा पू चकाकायला लागतो आणि तो माणूस खेळणाऱ्याच्या अंगावर धावत सुटतो. शाळकरी मुलांच्या पुण्याच्या स्पर्धेला हाच गेम जाणार होता. टीममध्ये जागा चार. चौथी चंद्रिकेची, आणि ती मिळाल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"मॅडमना शी-शूमध्ये फार रस दिसतोय," सर म्हणाले.

वर्ग खिदळला. मागच्या वर्षीची चंद्रिका इथं खाली बसली असती.

"प्रश्न पैजेचा हाय सर, पण खोटा न्हाई. तो खातो काय? पिल्लं घालतो कुठं? माणसात राहायला येतो आणि तीन मिनिटांत त्याचंच डोकं फोडतो. भाडेकरू राहत्या घराचा स्लॅब पाडतो का कधी?"

आता कुणी हसलं नाही. सरांनी लॅपटॉप मिटला. त्यांचा आवाज खाली आला, आणि आवाज खाली आला की सरांचं बोलणं जास्त लागतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"हा गेम मी दोन वर्षं करतोय. तुम्ही चार महिन्यांपूर्वी माऊस धरायला शिकलात. पुढच्या रविवारी तुमचा किडा घेऊन या. याच्यापेक्षा भीती वाटली पाहिजे. नाही वाटली तर चौथी जागा दुसऱ्याला."

"आणि वाटली तर?"

"तर माझा काढून टाकतो. बसा."

बाहेर आल्यावर पिंकी म्हणाली, "का बे चंद्रिके, मी हागण्याचं विचार म्हणलं होतं, भांडण कर म्हणलं नव्हतं."

"पाणीपुरी काढ," चंद्रिका म्हणाली.

पाणीपुरी झाली, पण किडा काही सुचेना. सोमवारी संध्याकाळी तिचे वडील महेश्वर होटगीहून आले. तिथल्या स्टेशनात ते तिकिटाच्या खिडकीत बसत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते मोरीत पाय धूत होते. डाव्या नडगीवर रुपयाएवढा गुळगुळीत डाग होता. स्कूटरवरून पडलो, असं ते सांगत. चंद्रिकेनं तो हजारदा बघितला होता, पण डोक्यात किडाच असल्यामुळं आज पहिल्यांदा नीट बघितला.

"अप्पा, स्कूटरचं खरचटलेलं लांबट असतंय. हे भोक हाय."

महेश्वरांनी नळ बंद केला. "नारू," ते म्हणाले. "अक्कलकोटकडं आमच्या गावात कानडीत नारू हुण्णू म्हणायचे, नारूची जखम. दहा वर्षांचा होतो. विहिरीच्या पाण्यातनं पोटात जातोय, वर्षभर कळत न्हाई. मग पायाला फोड येतोय आणि फोडातनं दोऱ्यासारखं तोंड काढतोय. हातभर लांब. ओढायचा न्हाई. ओढला की तुटतोय, तुटला की आत सडतोय. माझी आत्या रत्नम्मा ज्वारीच्या काडीवर गुंडाळायची. रोज दोन बोटं, जास्त न्हाई. महिना लागला."

"दुखायचं?"

"जळायचं. निखारा बांधल्यासारखं. पाय पाण्यात घातला की तेवढंच बरं वाटायचं."

"मग?"

"मग काय. बरा झाला. जेवायला वाढ म्हण आईला."

चंद्रिकेच्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता. रात्री जेवणाआधी तिनं मोबाइलवर सगळं वाचून काढलं. नारू पाय जाळतो, कारण त्याला पाणी हवं असतं. माणूस आपल्या पायानं विहिरीवर जातो, पाय बुडवतो, आणि किडा तेवढ्यात हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. तेच पाणी गाव पितं. हा रोग देशातून कधीच संपलाय. पण हा किडा डोकं फोडत नाही, अंगावर धावून येत नाही. तो माणसाला नुसती तहान लावतो, पायाची तहान. सरांची उल्का याच्यापुढं काय लागली.

रविवारी तिनं चित्रं मांडली. पायऱ्यांची विहीर. खेळणारा सगळ्यात वरच्या पायरीवर पहाऱ्याला. वस्तीतून नारू झालेली माणसं एकेक करून येतात. ती खेळणाऱ्याकडं बघतसुद्धा नाहीत, त्यांना फक्त पाणी दिसतं. एक जरी पाण्यापर्यंत पोचला, तरी पुढच्या फेरीत अकरा येतात.

सरांनी चित्रं परत पहिल्यापासून चाळली. मग म्हणाले, "चांगलंय." म्हणताना दाढ दुखत असल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं. "फक्त बंदूक द्यावी लागेल. आणि गोळी लागली की फोड फुटला पाहिजे. नुसता पहारा कोण खेळणार?"

चंद्रिका हो म्हणाली. तिनं वादसुद्धा घातला नाही. टीमच्या यादीत तिचं नाव चौथ्यावरून पहिल्यावर गेलं होतं.

प्रोग्रामिंग पृथ्वीराज करायचा. त्याला प्रत्येक शत्रूची चालण्याची लकब हवी होती. चंद्रिकेनं उठून चालून दाखवलं. डावी टाच आधी, पंजा जरा बाहेर, वळताना खांदा किंचित खाली.

"लई भारी," तो म्हणाला. "कुठनं आणलीस?"

"डोक्यातनं," ती म्हणाली. आणली होती होटगीच्या फलाटावरून. लहानपणापासून तिथं ती अप्पांच्या मागं मागं चालत आली होती.

पुण्याला जायच्या आधी पालकांसाठी एका सभागृहात एक रविवार ठेवला. मोठा पडदा, शंभरेक खुर्च्या, सामोसे. महेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते, शेजारी आई वैजयंती. पडद्यावर विहीर आली तसे ते जरा पुढं सरकले. पहिला नारूवाला वस्तीतून निघाला. दहा वर्षांचा पोरगा. डावी टाच आधी, पंजा बाहेर. पृथ्वीराजनं गोळी झाडली, फोड फुटला, पोरगा पायरीवरून गडगडला आणि टाळ्या पडल्या.

चंद्रिका स्टेजवरून वडिलांकडं बघत होती. टाळ्यांच्या गडबडीत तिला पहिल्यांदा कळलं, की आपण काय करून ठेवलंय.

"आता पालकांपैकी कुणीतरी," सर म्हणाले. "काका, तुम्ही या. चंद्रिकाचे बाबा ना तुम्ही? सगळी आयडिया तिचीच."

महेश्वर उठले. स्टेजच्या चार पायऱ्या चढले, डावी टाच आधी. पुढच्या रांगेतलं एक पोर फसकन हसलं आणि त्यानं पडद्याकडं बोट केलं. मग ते हसू मागं मागं पसरत गेलं.

त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. पोरगा वस्तीतून निघाला. ते बघत राहिले.

"काका, ते लाल बटण. दाबा. मारायचं असतं त्याला."

पोरगा जवळ आला, त्यांच्या बाजूनं गेला, एकेक पायरी उतरला, पाण्यात पाय घालून बसला. महेश्वरांनी बटणाला हात लावला नाही. पुढच्या फेरीचे अकरा निघाले, तेही पाण्यात उतरले. पडदा लाल झाला आणि मोठ्या अक्षरात आलं : गाव संपलं.

सभागृह खो खो हसलं. महेश्वरांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, नीट, तिकिटाच्या खिडकीतून सुटे पैसे सरकवावेत तसा. आणि खाली उतरले.

तिघं एकाच स्कूटरवरून घरी आली. दार लावल्यावर चंद्रिकाच म्हणाली, "तो फक्त गेम हाय, अप्पा."

"चाल कुणाची हाय?" महेश्वर म्हणाले.

चंद्रिकेनं दाराची कडी परत एकदा लावून बघितली.

"विचारायलोय मी."

"तुमची."

"मला विचारलीस?"

"तुमी कुठं सांगता काय? स्कूटरवरनं पडलो म्हणत होता की इतकी वर्षं. मी खोदलं म्हणून निम्मं कळलं."

"चंद्रिका, तोंड सांभाळ," आई म्हणाली.

"बोलू दे तिला. निम्मं सांगितलं व्हय. मग उरलेलं ऐक." ते खुर्चीत बसले नाहीत. "मी पाय बुडवला विहिरीत. सगळे म्हणत होते जाऊ नको, तरी गेलो. लई जळत होतं. दुसऱ्या वर्षी आमच्या आळीत अकरा जणांना निघाला. अकरा. तुझ्या गेममध्ये पण अकराच हायत, ते तुला कुणी सांगितलं न्हाई, आपोआप आलंय. रत्नम्मा आत्याला पण झाला. माझा तिनं महिनाभर गुंडाळला, तिचा गुंडाळायला कुणाला धीर नव्हता. ओढला. तुटला. ती मरेपर्यंत बसून सरकायची."

वैजयंतीनं नवऱ्याकडं बघितलं. तिलासुद्धा हे नवीन होतं.

"मग गावानं विहिरीवर पहारा बसवला. मी दिसलो की दगड. सगळ्यात वरच्या पायरीवर कोण उभा असायचा सांगू? भीमा. माझ्या बाकावर बसायचा. आज माझ्या हातात ते देऊन सगळे म्हणायले, मारा काका. भीमा केला मला तुमी लोकांनी."

"मला म्हाईत नव्हतं," चंद्रिका म्हणाली.

"म्हाईत करून घ्यायचं होतं. तुला किडा पाहिजे होता, तेवढा घेतलीस आणि पळालीस."

चंद्रिकेचे डोळे भरले, पण ती रडली नाही. रडलं की आई जवळ घेणार आणि विषय मिटणार, आणि तिला तो मिटायला नको होता. ती आत गेली. मोबाइलवर टीमच्या गटात पृथ्वीराजचा मेसेज होता : तुझे पप्पा लई कॉमेडी बे. त्याच्याखाली सरांचा : पुण्याला पहिलं प्रेझेंटेशन चंद्रिका करेल. ती दोन्ही मेसेज परत परत वाचत राहिली. पुणे, पहिलं नाव, माईक. महिनाभर तिनं आरशासमोर तालीम केली होती.

मग ती बाहेर आली. अप्पा मोजे काढत होते, आई भाकरीचं पीठ घेऊन तशीच उभी होती. चंद्रिका दोघांच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात न ठेवता.

"चाल काढून टाकते. ती तुमची हाय, तुमच्याकडंच राहू दे," ती म्हणाली. "आणि येत्या रविवारी सरांना सांगणार हाय, बंदूक जाणार. खेळणारा वरच्या पायरीवर नसेल. खेळणारा तो पोरगा असेल. पाय जळायलाय, पाणी समोर दिसायलंय, वरनं दगड यायलेत, आणि तरी त्यानं पाण्यात जायचं न्हाई. हातात काडी, रोज दोन बोटं. घाई केली की तुटला. सरांना हे नको असेल तर नारू मी परत घेणार आणि पुण्याची जागा त्यांची त्यांना. मी जाणार न्हाई."