भाव न करणारं गिऱ्हाईक

सांगितलेल्या किमतीला मुकाट्याने वस्तू घेणं हा माझ्या सासूबाईंच्या मते मूर्खपणा नाही, पाप आहे. कमळाबाई लालबागला मिरच्या घ्यायला निघाल्या की आधी पोटभर नाश्ता करतात, कारण परत कधी यायचं हे दुकानदाराच्या चिवटपणावर ठरतं. मी तेव्हा जरा लांब उभी राहते आणि ओळख दाखवत नाही.

म्हणूनच त्यांची घरघंटी विकायची ठरली तेव्हा मी मनाशी म्हटलं, दर्शना, हा व्यवहार फोनवर उरकायचा, आईंना मध्ये पडू द्यायचं नाही. डिलाईल रोडवरच्या आमच्या एका खोलीत ती घरघंटी एका माणसाची जागा अडवून बसली होती. आई तिच्यावर अख्ख्या मजल्याची भाजणी दळून द्यायच्या. पिठाने त्यांचा खोकला इतका वाढला की शेवटी डॉक्टरांनीच हात जोडले. शिवाय त्या कोपऱ्यात अक्षताचं अभ्यासाचं टेबल यायचं होतं.

अक्षता माझी मुलगी. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि सोमवारपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. बेचाळीस हजार. हिंदमाताच्या दुकानांतल्या साड्यांना फॉल लावून लावून ते मी माझ्या खात्यात जमवले होते. आईंना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि घरात पैसे आहेत असं चाळीला कळलं की ज्याला त्याला अडचण येते.

शनिवारी सकाळी मी घरघंटी पुसली, फोटो काढले, किंमत लिहिली नऊ हजार आणि जाहिरात टाकली. चहा उकळायच्या आत फोन वाजला.

"मॅडम, मैं आर्मी से मेजर बोल रहा हूँ. आपकी आटाचक्की पसंद है. नौ हजार डन."

मी तर हरखूनच गेले. काय ते अदबीने बोलणं! मॅडम काय, जी काय. आमच्या घरात मला शेवटचं 'जी' कोण म्हणालं होतं, आठवावं लागेल. मेजरसाहेबांची बदली झाली होती, सामानाची गाडी दुपारी येऊन मशीन घेऊन जाणार होती, पैसे मात्र ते आधीच पाठवणार होते. खात्रीसाठी त्यांनी पाच रुपये पाठवले, आणि ते आले सुद्धा.

"अब एक कोड भेज रहा हूँ. स्कॅन कीजिए, अपना पिन डालिए, नौ हजार आपके खाते में."

मी फोन स्पीकरवर टाकला, कोड उघडला आणि पिनचे पहिले दोन आकडे दाबलेही. तेवढ्यात कांदा चिरता चिरता आईंनी विचारलं, "कितीक मागता तो?"

"मागत नाहीत. नऊ हजार कबूल केले."

"एकदम?"

"एकदम."

आईंची सुरी थांबली. त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि माझ्या हातातला फोन काढून घेतला. पिन अर्धाच राहिला. "गे, अक्कल खंय गेली तुझी? ह्येना भाव करूक नाय म्हणजे आपणच कमी सांगितलव!"

मी डोक्याला हात लावला. इतकं सभ्य गिऱ्हाईक आता पळणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"हालो, मेजर?" आई फोनमध्ये ओरडल्या. त्यांचा समज असा की माणूस जितका लांब तितका आवाज मोठा लागतो. "नऊ हजार खाली मशीन का. उसका जाळ्या अलग. सहा जाळी है, बारीक, मोठा, सब. बारा हजार होएगा."

पलीकडून लगेच, "ठीक है माताजी. बारह हजार. नया कोड भेजता हूँ."

आईंचे डोळे चमकले, पण समाधान झालं नाही. उलट त्या अस्वस्थ झाल्या. कुस्तीला उभं राहावं आणि समोरच्याने स्वतःहून पाठ टेकवावी, तसं त्यांचं झालं. त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "ह्यो नाय कसो म्हणत नाय?"

"आई, सभ्य माणसं असतात जगात. द्या इकडे."

दिला नाही. "मेजर, वो पीठ का डब्बा भी अलग है. स्टील का. पंधरा."

"कोई बात नहीं, पंद्रह."

"आणि चाकं हाय खाली. घूमता है. अठरा!"

"जी, अठारह. कोड भेज दिया है, जल्दी स्कॅन कीजिए, गाडी निकल रही है."

आता आईंना राग यायला लागला. त्यांच्या गालावर लाली चढली. "मशीन मेरे हात का है. नजर लगा नहीं कभी. इक्कीस हजार!"

"इक्कीस डन माताजी."

माझ्या डोक्यात तिथे काहीतरी खटकलं. मागच्याच महिन्यात दादरच्या दुकानात मी कोरी घरघंटी बघितली होती, साडेअठरा हजारांची, वर मिक्सर फुकट. जुन्या मशीनला नव्याहून जास्त पैसे देणारा माणूस एकतर वेडा असणार, नाहीतर त्याला पैसे द्यायचेच नसणार. आणि वेडा तर बोलण्यावरून वाटत नव्हता. मशीन चालतं का, आवाज करतं का, किती जुनं आहे, यातलं एकही त्याने विचारलं नव्हतं.

मी आईंच्या हातातून फोन घेतला आणि मेजरने पाठवलेला नवा कोड उघडून पहिल्यांदाच नीट वाचला. वर त्या माणसाचं नाव होतं. खाली एकवीस हजार. आणि त्यांच्या मध्ये, कुणालाही दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे पैसे मी त्याला देणार आहे.

नऊ हजारांच्या वेळीही हेच लिहिलेलं असणार, आणि मी मॅडम-मॅडम ऐकत पिन दाबत सुटले होते. आणखी दोन आकडे, की अक्षताची जागा गेली असती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

"आई, हा चोर आहे," मी कुजबुजले. "पिन टाकला की पैसे येणार नाहीत, आपल्या खात्यातून जाणार."

"चोर? मग एकवीस हजार कबूल कशाला केलान?"

"द्यायचेच नाहीत ना त्याला."

आईंना हे पचायला वेळ लागला. मग त्यांचा आवाज असा काही फुटला की समोरच्या खोलीचं दार उघडलं. "म्हणून भाव करूक नाय मेल्यान! मी गळो फोडतंय हंयसर, आणि ह्यो नुसतो डन डन करता! मेजर म्हणे! अरे, आर्मीवालो हिशेबाचो पक्को असता! गेहूँ लेके आ तू इधर, दळके दिखाती है तुझ्या..."

मेजरने फोन ठेवला. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याचा नंबर कळवला, बँकेला फोन लावला, पिन बदलला. आई दुपारपर्यंत धुसफुसत होत्या. फसवणुकीपेक्षा त्यांना तो अपमान जास्त झोंबला होता.

रविवारी खरं गिऱ्हाईक आलं. परळहून सुमेधा नावाची बाई, हातात स्वतःच्या घरच्या ज्वारीचा डबा. तिने मशीन चालवून घेतलं, पीठ चिमटीत चोळून बघितलं, जाळ्या उजेडाकडे धरल्या, एका जाळीची तार सैल आहे म्हणून तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "पाच हजार." आईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. दोघींनी दोन वेळा चहा घेतला. सुमेधा दोनदा उठून जिन्यापर्यंत गेली, आईंनी एकदाही हाक मारली नाही, ती आपली आपणच परत आली. साडेसहा हजारांवर सौदा तुटला. तिने माझा नंबर घेऊन तिच्या फोनवरून पैसे टाकले, मी माझ्या बँकेत रक्कम जमा झालेली बघितली आणि मशीन टेम्पोत चढलं.

आई मोकळ्या कोपऱ्यातलं पीठ झाडत होत्या. "तुका काय दाबूक लागला नाय ता?"

"नाही. पैसे यायला काहीच दाबावं लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो."

त्यांनी झाडू खाली ठेवला. "दर्शना, काल त्या मेल्याक तो पिन गेलो असतो तर... खात्यात होते किती?"

मी सांगितलं. बेचाळीस हजार, आणि कशाचे तेही. फॉलचे, फीचे, सोमवारचे. मला वाटलं आता बोलतील, माझ्यापासून लपवलंस म्हणून. त्या नुसत्या पाटावर बसल्या.

"सोमवार कित्याक?" त्या म्हणाल्या. "आता भर. माझ्या समोर."

मी कॉलेजची साइट उघडली. नाव दोनदा वाचलं, रक्कम तीनदा. अक्षता माझ्या खांद्याला चिकटून उभी होती. पिन टाकायची वेळ आली तेव्हा आईंनी स्वतःहून भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि पोरीचीही मान धरून फिरवली.

मी एकेक आकडा दाबला.

"गेले?" आईंनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"गेले," मी म्हणाले. "सगळे गेले."

"बरा झाला," त्या म्हणाल्या, आणि वळून नातीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. हात पिठाचे होते. अक्षता कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरी झाली आणि तिने ते पुसलं नाही.