वाचनालयातला पालथा फोन

तनुजाच्या त्या मोबाईलवर माझा शक बसला तो बसलाच.

मी रुक्मिणबाई. आमचं गाव नायगावच्या जवळच. ग्रामपंचायतीच्या मागं एका खोलीत वाचनालय हाय, अन् तनुजा तिथलं सगळं बघती. दुपारी भांडीकुंडी आवरली की आम्ही चार-सहा बाया तिथं जमतो. तनुजा वाचती, आम्ही ऐकतो. मला अक्षर येत न्हाई, आकडे तेवढे येतात. सध्या एक जाड कादंबरी चालू हाय, नवरा वारल्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईची. पान-दोन पानं झाली की आम्ही त्या गिरणीवरून आपापल्या घरावर येतो. जिच्या मनात जे साचलं असंल ते तिथं निघतं. माझ्या मनात बहुतेक सूनच असती. सुनेवरून थकले की नातीवर येते. माझी अयोध्या लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करती. "घरची आठवणबिठवण काही येत न्हाई तिला, लई घट्ट हाय पोरगी," असं मी बायांना कितीदा सांगितलं असंल.

तर तो मोबाईल. वाचायला बसली की तनुजा तो टेबलावर पालथा ठेवायची. ठेवला तर ठेवला. पण मंग आवाज चढवून, तोंड त्याच्याकडं करून वाचायची. कोणी उशिरा आलं की म्हणायची, "कस्तुराबाई आल्या बरं का." आता दारातून आत आलेली कस्तुराबाई आम्हाला दिसत न्हाई काय? ही कोणाला सांगून राहिली? एकदा ती उठून गेली तवा मी मोबाईल उलटा करून पाहिला. आकडे पळून राहिले होते. म्हणजे फोन चालू, अन् पलीकडं कोणीतरी कान लावून बसलेलं.

त्या खोलीत मी काय काय बोलले होते! सून माहेरचं कौतुक किती करती, माझ्या चहात साखर टाकताना तिचा हात कसा आखडतो, लेक माझा वैजनाथ कसा तिच्या मुठीत हाय. अन् माझी सून ज्योत्स्ना अन् ही तनुजा एकाच बचत गटातल्या. दोघींचं लई गुळपीठ. ज्योत्स्ना अलीकडं गोड बोलायला लागली होती, तेही बरोबर बसलं. एक दिवस हे सगळं माझ्या तोंडावर येणार अन् त्या घरात माझी इज्जत जाणार, ह्या धाकानं मला जेवण गोड लागंना.

कस्तुराबाईला बोलले तर ती म्हणली, "तुला मांजर आडवं गेलं तरी ते कोणी पाठवलं असं वाटतं." अन् हसली मेली.

मंग मी सापळा लावला. तनुजा माठ भरायला बाहेर गेली तशी मी मोबाईलवर वाकले. कस्तुराबाईला डोळा मारला अन् बारीक आवाजात म्हणलं, "एक सांगते, कोणाला बोलू नको. काही दिवसापासून माझ्या छातीत कळ येऊन राहिली. डावा हात जड पडतो. घरी सांगितलं न्हाई."

सगळं खोटं. मला धड शिंकसुद्धा आली नव्हती. पण तनुजानं हे ऐकलं न्हाई, म्हणजे खबर फुटली तर फोनातूनच फुटणार. घरी ज्योत्स्नानं नुसतं "बरं हाय ना?" विचारलं की चोर सापडला. तनुजा पाणी घेऊन आली, तिनं मोबाईल उचलून पाहिला अन् कपाळाला आठ्या घातल्या. फोन पलीकडून बंद झाला होता. मला लई बरं वाटलं.

घरी आल्यावर मी ज्योत्स्नावर नजर ठेवून बसले. तिनं भाजी निवडली, कणीक मळली, मला चहा दिला. विचारलं काहीच न्हाई. पक्की हाय, म्हणलं.

दिवेलागणीला अंगणात अयोध्या उभी. बॅग न्हाई, पिशवी न्हाई, हातात नुसता तिचा तो बटनाचा फोन. ती सरळ माझ्याजवळ आली अन् माझ्या छातीवर हात ठेवला. "आजी, कुठं दुखून राहिलं?"

मी त्या खोलीत सोडलेलं खोटं लातूरहून परत आलं होतं.

"तू कोणाला बोलू नको म्हणलीस म्हणून कोणाला बोलले न्हाई, गाडीत बसले," ती म्हणली अन् रडायला लागली. मला काही झालं न्हाई हे पटवायला मी डावा हात वर-खाली करून दाखवला. मंग तिनं सांगितलं. "तनुजाताईला मीच म्हणलं, फोन चालू ठेवत जा. दुपारी मेसचा डबा समोर असतो, एकटीला घास उतरत न्हाई. तुमचं वाचणं चालू असलं की जेवते."

"अगं, रविवारी बोलतो की आपण," मी म्हणलं. रविवारशिवाय फोन न्हाई, हा नियम माझाच, तिचं लक्ष उडू नये म्हणून.

"रविवारी तू मार्क विचारतीस, आजी. तिथं तू बोलतीस." तिनं नाक पुसलं. "अन् बायांना सांगतीस, अयोध्याला आठवण येत न्हाई म्हणून. त्या दिवशी घास तोंडात तसाच राहतो."

ज्योत्स्ना दारात उभी राहून ऐकत होती. मी हळूच तिला विचारलं, "तुला तनुजा काही बोलली का गं, साखरेचं वगैरे?"

"कुठल्या साखरेचं, आत्याबाई? तुमची साखर तर डॉक्टरांनी कमी करायला सांगितली."

दुसऱ्या दिवशी वैजनाथ अयोध्याला लातूरला सोडून आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी वाचनालयात जाऊन बसले. तनुजा माझी नजर चुकवत होती. तिनं फोन लावला अन् पालथा ठेवला, तो मी सुलटा केला, तनुजाकडून स्पीकर लावून घेतला अन् माझ्यापुढं ओढला. आकडे पळत होते. तनुजानं पुस्तक उघडलं.

"थांब जरा," मी म्हणलं. "अयोध्या, जेवलीस का?"

सगळ्या बाया टेबलाकडं बघून राहिल्या.

"न्हाई, आजी."

"मंग डबा उघड, बाई. आम्ही थांबतो."

तनुजानं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मंग पलीकडून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.